मॉडेलच्या फोटोमागे खरी वाटणारी पार्श्वभूमी कशी जोडावी

घरं, रेल्वे, गाव यांच्या छोट्या प्रतिकृतीच्या, म्हणजे मॉडेलच्या फोटोतली मागची भिंत कापून टाकली आणि तिथे आकाश बसवलं की काम झालं, असं समजून बहुतेक जण थेट सॉफ्टवेअर उघडतात. मग तासन्‌तास कडा साफ करत बसतात. कडा अगदी स्वच्छ होते, तरी चित्र खोटं दिसतं ते दिसतंच, कारण चूक कडेत नसतेच. मागचा डोंगर माणसाच्या उंचीवरून टिपलेला असतो आणि पुढचं स्टेशन गच्चीवरून. ढगांवर ऊन डावीकडून येतं आणि घराची सावलीही डावीकडेच पडलेली असते. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं मात्र लगेच.

म्हणून खालच्या क्रमात कापाकापी बरीच उशिरा येते. निम्मं काम कॅमेरा हातात असतानाच होतं. तिथे चुकलेलं नंतर कुठल्याही फिल्टरने दुरुस्त होत नाही.

लागणारं सामान थोडकंच आहे: ट्रायपॉड, हाताने सेटिंग करता येईल असा कॅमेरा किंवा फोन, एक दिवा, फिकट राखाडी किंवा पांढरा, चमक नसलेला मोठा बोर्ड, आणि लेअर (एकावर एक ठेवलेले थर) व मास्क (थराचा कुठला भाग दिसेल ते ठरवणारं झाकण) असलेलं कुठलंही सॉफ्टवेअर. फोटोशॉप, अफिनिटी, फुकट मिळणारं गिंप किंवा ब्राउझरमध्ये चालणारं फोटोपी, यांपैकी काहीही चालेल. इथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी चारही ठिकाणी करता येतात, फक्त मेनूतली नावं थोडी बदलतात.

१. आधी क्षितिज ठरवा

फोटोतलं क्षितिज नेहमी लेन्सच्या उंचीवर असतं. उभ्या माणसाने सपाट जमिनीवरून फोटो काढला तर आसपास उभ्या असलेल्या सगळ्या माणसांचे डोळे साधारण क्षितिजरेषेवर येतात, मग ती जवळ असोत की लांब. मॉडेललाही हाच नियम लागू आहे, फक्त उंची प्रमाणात मोजायची.

माणसाच्या डोळ्यांची उंची १.६ मीटर धरली, तर १:८७ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मॉडेलमध्ये, ती सुमारे १८ मिलिमीटर होते. १:७६ मध्ये २१, १:१६० मध्ये जेमतेम १० आणि १:३५ च्या डायोरामात (छोट्या मांडलेल्या देखाव्यात) सुमारे ४६ मिलिमीटर. म्हणजे १:८७ च्या लेआउटवर (रुळांसकट मांडलेल्या रेल्वेच्या देखाव्यावर) लेन्सचा मध्य रुळांच्या पातळीपासून दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी उंचीवर आणावा लागतो. मोठा कॅमेरा तिथे मावत नाही, म्हणून अशा कोनासाठी फोन उलटा धरतात. त्याची लेन्स वरच्या टोकाला असते, ती उलटल्यावर जमिनीलगत येते.

उंचावरूनच फोटो हवा असेल तर हरकत नाही, पण मग हिशोब मांडा. १:८७ मध्ये लेन्स १५ सेंटिमीटर वर असेल तर खऱ्या जगात ती १३ मीटरवर आहे, म्हणजे चौथ्या मजल्याच्या आसपास. मागचं दृश्यही तेवढ्याच उंचीवरून, एखाद्या गच्चीवरून किंवा टेकाडावरून टिपलेलं हवं. रस्त्यावर उभं राहून काढलेलं चालणार नाही.

कॅमेरा शक्यतो अगदी आडवा ठेवा. तो खाली झुकवला की क्षितिज फ्रेममध्ये वर सरकतं आणि घरांच्या उभ्या रेषा तिरप्या होतात. मग पार्श्वभूमीचा फोटोही तितकाच झुकवून काढावा लागतो.

तपासणी: मॉडेलच्या फोटोत दोन समांतर आडव्या रेषा शोधा. रूळ, फलाटाची कड किंवा एका लांब भिंतीचा पाया आणि माथा चालेल. त्या स्क्रीनवर वाढवा. त्या जिथे मिळतात त्या बिंदूच्या उंचीवर क्षितिज आहे. तिथे एक गाइड (सॉफ्टवेअरमधली खुणेची रेघ) टाका, पुढे ती सतत लागेल.

२. पार्श्वभूमीचे फोटो स्वतः काढा

नेटवरून उचललेल्या फोटोची उंची, लेन्स, उन्हाची दिशा यांतलं काहीच तुमच्या हातात नसतं. हक्कांचा प्रश्न वेगळाच. स्वतःचा साठा तयार करणं हाच खरा मार्ग आहे, आणि त्याला फार वेळ लागत नाही. बाहेर पडलात की आकाश, लांबची टेकडी, झाडांची रांग असे फोटो वेगवेगळ्या उजेडात काढून ठेवत जा.

काढताना या गोष्टी पाळा:

- दृश्याचा कोन मॉडेलच्या फोटोशी जुळवा. ज्या कॅमेऱ्याने आणि ज्या झूमवर मॉडेल टिपणार, त्यानेच पार्श्वभूमी टिपली की हे आपोआप होतं. झूम करून काढलेला डोंगर रुंद कोनातल्या गावामागे ठेवला की राक्षसासारखा वर येतो.
- पुढची जमीन मोकळी असेल अशी जागा निवडा. जवळची झुडपं, खांब, गाड्या नंतर अडचण करतात.
- आकाश भरपूर घ्या. आकाशाचा छोटा तुकडा ताणून मोठा केला की ढग पसरट आणि मऊ दिसतात.
- फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये मॉडेलच्या फोटोइतकी तरी हवी.

उन्हाची नोंद ठेवायची एक सोपी युक्ती आहे. एक काडी जमिनीत उभी रोवा, तिच्या सावलीसकट एक फोटो काढा आणि मगच दृश्य टिपा. सावली काडीइतकीच असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे, दुप्पट असेल तर साधारण २७ अंशांवर. हा एक फोटो पुढच्या टप्प्यात फार उपयोगी पडतो.

पहिल्यांदाच करत असाल तर ढगाळ दिवसाची पार्श्वभूमी घ्या. उन्हाला दिशाच नसल्यामुळे निम्म्या अडचणी आपोआप टळतात. मला तर मॉडेलवर ढगाळ उजेड उन्हापेक्षाही जास्त खरा वाटतो. रंग शांत राहतात, आणि डिंकाची चमक, प्लॅस्टिकची झाक लपते.

३. मॉडेलवर एकच सूर्य

खोलीत दोन-तीन दिवे असले की प्रत्येक खांबाला दोन-तीन सावल्या पडतात. फोटो खोटा ठरवायला तेवढं पुरतं. खोलीतले सगळे दिवे बंद करा, पडदे ओढा आणि एकच दिवा लावा.

हा दिवा जवळ ठेवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सूर्य इतका लांब आहे की त्याच्या सगळ्या सावल्या समांतर पडतात. दिवा दोन मीटरवर असेल आणि देखावा ६० सेंटिमीटर रुंद असेल, तर एका टोकाच्या आणि दुसऱ्या टोकाच्या सावलीच्या दिशेत सुमारे १७ अंशांचा फरक पडतो आणि सावल्या पंख्यासारख्या फाकतात. चार मीटरवर नेला की फरक निम्म्यावर येतो. जागा नसेल तर फ्रेम अरुंद करा.

दिव्याचा आकारही महत्त्वाचा. आकाशात सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून उन्हाच्या सावलीची कड बरीच तीक्ष्ण असते. दोन मीटरवरून तशीच कड हवी तर दिव्याचा उघडा भाग सुमारे दोन सेंटिमीटरचा हवा, चार मीटरवर चार सेंटिमीटरचा. मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड पसरवणारी कापडी पेटी) उन्हाचा आभास देत नाही, तो ढगाळ दिवसासाठी ठेवा. ढगाळ उजेडासाठी दिवा पांढऱ्या छताकडे वळवला तरी भागतं.

आता काडीचा तो आधीचा फोटो समोर घ्या. मॉडेलवर एक आगकाडी उभी करा आणि दिवा वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवत राहा. सावलीची लांबी आणि दिशा त्या फोटोसारखी झाली की दिवा तिथेच पक्का करा.

सावल्या अगदी काळ्या राहू देऊ नका. बाहेर सावलीतही आकाशाचा निळसर उजेड पोचतो. दिव्याच्या विरुद्ध बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा केला की काळोख उजळतो.

हलवता येईल असं छोटं मॉडेल असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि ते सरळ उन्हात न्या. ऊन प्रमाणानुसार बदलत नाही. सावल्यांची समांतर दिशा, कडेची तीक्ष्णता, आकाशाची निळी भर, सगळं आयतं मिळतं.

४. मॉडेलचे फोटो: एक नाही, दोन संच

आधी धूळ. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा तंतू १:८७ च्या छपरावर दोरखंडाएवढा दिसतो. मऊ ब्रशने झाडून घ्या, कोसळलेलं गवत उभं करा, रुळांवरचे धागे उचला. सॉफ्टवेअरमध्ये तासभर जाणारं काम इथे पाच मिनिटांत होतं.

बोर्ड मॉडेलच्या मागे जमेल तितका लांब उभा करा, म्हणजे मॉडेलची सावली त्यावर पडत नाही. हिरवा पडदा टाळा. देखाव्यात झाडं आणि गवत असतंच. सॉफ्टवेअर त्यांनाही पडदा समजतं, शिवाय हिरवी झाक भिंतींवर आणि छपरांच्या कडांवर चढते. फिकट राखाडी किंवा पांढऱ्या बोर्डाची झाक क्षितिजाजवळच्या आकाशाशी सहज मिसळते.

कॅमेरा ट्रायपॉडवर, रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवलेले, शटर टायमरने. अपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/११ ते एफ/१६. त्याहून बारीक केलं की सगळंच किंचित मऊ होतं. तरीही पुढून मागपर्यंत फोकस मिळत नसेल तर फोकस पुढे सरकवत अनेक फोटो काढा आणि ते एकत्र करा. हे फोटोशॉपमध्ये होतं, आणि हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर यांसारखी खास सॉफ्टवेअरंही आहेत. पुढून मागपर्यंत सगळं स्पष्ट असणं इथे गरजेचं आहे, कारण खऱ्या गावाचा रुंद कोनातला फोटो असाच असतो. मागचा भाग धूसर झाला की डोळा लगेच ओळखतो, हे खेळण्याएवढं आहे.

आता दुसरा संच. हा बहुतेक जण काढतच नाहीत, आणि नंतर त्याचीच किंमत मोजतात. कॅमेऱ्याला धक्का न लावता मॉडेलवरचा दिवा बंद करा आणि फक्त बोर्डावर उजेड टाका. फोटोत बोर्ड पांढरा आणि मॉडेल काळी आकृती दिसेल. हाच तुमचा मास्क. तारा, कठडे, पानांमधल्या फटी, जे हाताने निवडायला संध्याकाळ गेली असती ते सगळं एका फोटोत येतं.

सावध: बोर्ड फार उजळू नका. तो जेमतेम पांढरा व्हावा इतकंच एक्सपोजर ठेवा. जास्त झालं तर उजेड कडांवरून पसरतो आणि बारीक तारा खाऊन टाकतो.

सावध: पुष्कळ लेन्समध्ये फोकस बदलला की फ्रेमही किंचित लहानमोठी होते. अनेक फोटो जोडणार असाल तर काळ्या आकृतीचे फोटोही त्याच फोकसच्या जागांवर काढा, नाहीतर मास्क एक-दोन पिक्सेलने सरकलेला निघेल.

५. कापण्याआधी कच्ची मांडणी

मॉडेलचा फोटो उघडा आणि पार्श्वभूमीचा फोटो वर ५० टक्के ओपॅसिटीवर, म्हणजे अर्धपारदर्शक करून, ठेवा. पार्श्वभूमीचं क्षितिज पहिल्या टप्प्यातल्या गाइडवर आणा. क्षितिज म्हणजे डोंगराचा माथा नव्हे. सपाट जमीन किंवा पाणी जिथे संपल्यासारखं वाटतं, ती रेषा. कॅमेऱ्यापेक्षा उंच डोंगराचा माथा तिच्या वरच राहतो.

मग उन्हाची दिशा पाहा. उलटी वाटली तर पार्श्वभूमी आडवी पलटून बघा. तिच्यात पाटी किंवा ओळखीची इमारत नसली तर कोणाला कळत नाही.

तपासणी: इथे दोन मिनिटं थांबून प्रामाणिकपणे बघा. उंची, कोन, उजेड यांतलं काही जुळत नसेल तर दुसरी पार्श्वभूमी घ्या. मास्कवर तास घालवल्यानंतर हे कळलं की माणूस चुकीच्या फोटोलाच चिकटून राहतो.

६. मास्क

खोडरबर वापरू नका. खोडलेलं परत येत नाही, मास्क मात्र कधीही दुरुस्त होतो.

काळ्या आकृतीचा फोटो उलटा करा, म्हणजे मॉडेल पांढरं आणि बोर्ड काळा होईल. लेव्हल्सने (उजेड-काळोखाची टोकं ठरवणाऱ्या साधनाने) काळं पूर्ण काळं आणि पांढरं पूर्ण पांढरं करा, पण मधल्या राखाडी कडा जिवंत ठेवा. त्या राखाडीतच पानांचा मऊपणा असतो. हे चित्र मॉडेलच्या लेअरच्या मास्कमध्ये पेस्ट करा. चकचकीत छपरांवर बोर्डाचं प्रतिबिंब पडून भोकं दिसतील, ती पांढऱ्या ब्रशने भरा.

दुसरा संच काढलाच नसेल तर चॅनेल्समध्ये, म्हणजे फोटोतला लाल, हिरवा, निळा भाग वेगवेगळा दिसतो तिथे, जा. पांढऱ्या बोर्डासमोर हिरवी पानं आणि तपकिरी फांद्या निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात गडद दिसतात. त्या चॅनेलची प्रत घ्या, कॉन्ट्रास्ट वाढवा आणि तिचा मास्क करा. घरं, डबे, पूल यांच्या सरळ कडांना मात्र पेन टूलच लागतं. वेगवेगळ्या कडांना वेगवेगळं हत्यार लागतं, आणि एकच पद्धत सगळीकडे दामटल्याने झाडं कात्रीने कापल्यासारखी दिसतात.

पानांच्या टोकांना पांढरी किनार राहिली तर मास्क एक पिक्सेल आत घ्या. तरीही गेली नाही तर झाडांच्या शेंड्यांपुरता जुना बोर्ड परत दिसू द्या, त्यावर आकाशाची प्रत मल्टिप्लाय मोडमध्ये ठेवा. पांढऱ्यावर आकाश जसंच्या तसं दिसतं, गडद पानं गडदच राहतात आणि किनार नाहीशी होते. बोर्ड त्या भागात खरोखर पांढरा असावा लागतो. राखाडी असेल तर आधी लेव्हल्सने उजळा.

फोटोशॉपमध्ये २०२० पासून एका बटणावर आकाश बदलायची सोय आहे. अंदाज घ्यायला ती छान आहे. पण तिला तुमच्या दिव्याची जागा बदलता येत नाही, आणि मॉडेलच्या तारा व कठडे तिच्या हातून बरेचदा तुटतात.

७. जोड लपवा

मॉडेलची जमीन जिथे संपते आणि फोटोतली सुरू होते, ती रेषा सगळ्यात नाजूक. तिथे सरळ आडवी कड कधीच ठेवू नका. मॉडेलच्या मागच्या काठावर झुडपं, कुंपण, बांध किंवा उंचवटा असेल तर अर्धं काम तिथेच होतं. नसेल तर पार्श्वभूमीतलीच झाडांची एखादी रांग वेगळ्या लेअरवर कापून त्या रेषेवर बसवा. तिची उंची तपासा. क्षितिजरेषा हीच लेन्सची उंची, त्यामुळे सपाट जमिनीवर झाडाचा जेवढा भाग रेषेखाली आहे तो खऱ्या जगात तेवढ्याच उंचीचा. त्यावरून पूर्ण झाडाचा अंदाज येतो.

रस्ता किंवा रूळ मॉडेलमधून थेट फोटोत नेण्याचा मोह टाळा. दोन्हीकडची वळणं आणि उतार क्वचितच जुळतात. रस्ता घरामागे किंवा झाडीत वळवून संपवा.

८. रंग आणि अंतर

हवेमुळे लांबच्या गोष्टी फिकट, निळसर आणि कमी कॉन्ट्रास्टच्या दिसतात. खऱ्या फोटोतल्या डोंगरात हे आधीपासून असतंच, त्यावर आणखी धुकं चढवू नका. लक्ष द्यायचं ते मधल्या झाडांकडे: पार्श्वभूमीतली सगळ्यात जवळची झाडं मॉडेलच्या मागच्या झाडांपेक्षा जास्त काळी असता कामा नयेत. असतील तर त्या लेअरवर लेव्हल्सच्या आउटपुटमधलं काळं टोक शून्यावरून २० ते ४० पर्यंत उचला.

रंग जुळवताना डोळा थकतो आणि फसतो, म्हणून दोन तात्पुरते लेअर सगळ्यात वर ठेवा. एकात सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) शून्य. यात फक्त उजेड-काळोख जुळतोय का ते दिसतं. दुसऱ्यात सॅच्युरेशन भरपूर वाढवलेलं. यात मॉडेल पिवळं आणि आकाश जांभळं असलं की लगेच उघडं पडतं. खोलीतल्या मॉडेलच्या सावल्या बहुधा जास्त पिवळट असतात, कर्व्ह्जमध्ये फक्त गडद भागात निळा किंचित वाढवा. मॉडेलची गवतं आणि पानंही खऱ्यापेक्षा भडक असतात. हिरव्याचं सॅच्युरेशन कमी करा, पार्श्वभूमीचं वाढवू नका.

९. एकजीव करणं

पार्श्वभूमी भरपूर ब्लर करणं हा सगळीकडे दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. ब्लरने मॉडेल आणखी लहान वाटतं. पार्श्वभूमी मॉडेलच्या सगळ्यात मागच्या भागाइतकीच स्पष्ट ठेवा, जास्त नाही, कमीही नाही.

पाणी, काचा, चकचकीत रंग यांच्यात खोलीचं छत दिसत असतं. पाण्यावर आकाशाची उभी पलटलेली प्रत कमी ओपॅसिटीवर टाका. खऱ्या पाण्यातलं आकाश वरच्या आकाशापेक्षा गडद असतं, तेवढं सांभाळा.

शेवटी सगळ्या लेअर्सच्या वर एकसारखा, एकरंगी नॉइज एक ते दोन टक्के. दोन वेगळ्या वेळच्या फोटोंचा दाणा त्याने एक होतो.

१०. शेवटची तपासणी आणि जतन

फोटो आडवा पलटून बघा, मग अंगठ्याएवढा लहान करून बघा. पलटल्यावर उजेडातली विसंगती डोळ्यात भरते, आणि लहान केल्यावर मॉडेल आणि आकाश वेगवेगळे तुकडे वाटतात का ते कळतं. त्यानंतर २०० टक्क्यांवर सगळी कड डावीकडून उजवीकडे एकदा चालून जा. छपरांचे कोपरे, तारांची टोकं आणि खिडक्यांच्या आरपार दिसणारा जुना बोर्ड यांवर थांबा. खिडकीतला बोर्ड हमखास राहून जातो.

लेअर्ससकट मूळ फाइल वेगळी ठेवा, पुढच्या वेळी तोच मास्क दुसऱ्या आकाशासाठी चालतो. दाखवायची प्रत काढताना आधी आकार कमी करा आणि मग हलकं शार्पनिंग द्या. उलट केलंत तर कडांवर पांढरी रेघ परत येते. रंगांचं प्रोफाइल एसआरजीबी ठेवा. स्पर्धेला पाठवणार असाल तर जोडलेली पार्श्वभूमी चालते का ते नियमांत आधी वाचा, आणि चालत असेल तरी फोटोखाली तसं लिहा.